शब्द शेजारचे, अर्थ निराळे
(प्राथमिक शिक्षकांच्या उजळणी वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इंग्रजीच्या तासाला फळ्यावर शब्दार्थ लिहिलेले असतात. ‘सी’ म्हणजे पाहणे, ‘लुक’ म्हणजे पाहणे, ‘वॉच’ म्हणजे पाहणे. मुले ते वहीत उतरवून घेतात, घरी पाठ करतात आणि दुसऱ्या दिवशी म्हणूनही दाखवितात. अशा वेळी एखादा चौकस विद्यार्थी हात वर करून विचारतो, “गुरुजी, तिन्हींचा अर्थ एकच, तर मग शब्द तीन कशाला?” प्रश्न साधा आहे, परंतु उत्तर देणे साधे नाही. “इंग्रजीत तसेच असते” असे म्हणून पुढील धड्याकडे वळणे सोपे असते. तसे झाले म्हणजे त्या मुलाच्या मनात एक गोष्ट कायमची रुजते, ती ही की, ह्या भाषेत विचार करून काही उपयोग नाही; येथे केवळ घोकावयाचे असते.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत इ. स. २००० पासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकविले जाते. ज्या घरी इंग्रजीचे एकही पुस्तक नाही आणि ज्या आईबापांच्या कानांवर ती भाषा फारशी पडत नाही, त्या घरच्या मुलाला असा भेद उलगडून सांगणारा माणूस एकच असतो, आणि तो म्हणजे शाळेतला शिक्षक. म्हणून समानार्थी भासणाऱ्या इंग्रजी शब्दांचा विचार विद्वानांवर सोपवून प्राथमिक शिक्षकाला मोकळे होता येत नाही.

स्वभाषेतील दाखला

ह्या विषयाचा आरंभ इंग्रजीपासून न करता मराठीपासून करावा. पाणी, तीर्थ, उदक, जल हे शब्द घ्यावेत. चारही शब्दांनी दर्शविलेला पदार्थ एकच. तथापि तहान लागली म्हणजे मनुष्य पाणी पितो. देवळात गेला म्हणजे तीर्थ घेतो. दान देताना उदक सोडतो. आणि सरकारी योजनेचे नाव ठेवावयाचे झाले की जल शब्द पुढे येतो. “मला एक तांब्याभर उदक दे” असे कोणी म्हटले, तर घरातील लहान मूलदेखील हसेल. व्याकरणाची चूक नसतानाही ते का हसते? कारण प्रत्येक शब्दाची बसण्याची जागा ठरलेली आहे, हे त्याला कोणी न शिकविता ठाऊक आहे.

तसेच खाणे, जेवणे आणि फराळ करणे ह्यांचे. मुलाने “मी बोरे जेवलो” असे कधी म्हटले आहे काय? काका आणि मामा ह्यांतील अंतर तर मराठी मूल बोलू लागताच शिकते. इंग्रज मात्र त्या दोघांनाही ‘अंकल’ ह्या एकाच शब्दात बसवितो. जी भाषा ज्या ठिकाणी बारीक पाहते, त्या ठिकाणी तिच्यापाशी शब्द अधिक असतात. मराठी नात्यांकडे बारीक पाहते, इंग्रजी अन्य काही गोष्टींकडे पाहते. एवढे मुलांच्या ध्यानी आले की, इंग्रजी ही लहरी भाषा आहे हा समज निम्मा दूर होतो. ज्या मुलाला तीर्थ आणि पाणी ह्यांतील फरक कळतो, त्याला ‘लुक’ आणि ‘सी’ ह्यांतील फरक कळण्याजोगी बुद्धी निश्चित आहे.

पाहणे आणि ऐकणे

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू या. फळ्यावर ‘सी’ म्हणजे पाहणे असे लिहिले, तेथेच गफलत झाली. ‘सी’ ह्या शब्दाला मराठीत अधिक जवळचा शब्द आहे दिसणे. डोळे उघडे असले आणि समोर डोंगर असला की डोंगर दिसतो. त्यासाठी काही करावे लागत नाही. ‘लुक’ म्हणजे मुद्दाम नजर वळविणे, पाहणे. “मी पाहिले, पण काही दिसले नाही” हे वाक्य मराठीत रोजचे आहे. त्याचे इंग्रजी ‘आय लुक्ड, बट आय सॉ नथिंग’ असे होते. ह्या एका वाक्यात दोन्ही शब्दांचा भेद सामावलेला आहे. ‘वॉच’ म्हणजे हालणाऱ्या किंवा बदलणाऱ्या गोष्टीवर काही काळ नजर ठेवणे. खेळ चालू असतो तो ‘वॉच’ करावयाचा. शेतातील राखणदार रात्री जे करतो तेही ‘वॉच’च. भिंतीवरील नकाशाकडे पाहावयास सांगताना ‘लुक अ‍ॅट द मॅप’ असे म्हणतात. तेथे ‘वॉच’ म्हटले, तर नकाशा आता हालणार आहे असा भास होईल.

हीच जोडी कानांच्या बाबतीत आहे. ‘हिअर’ म्हणजे ऐकू येणे, ‘लिसन’ म्हणजे लक्ष देऊन ऐकणे. दूरवर गाडीची शिटी वाजली ती ऐकू येते. शिक्षक गोष्ट सांगतात ती ऐकावयाची असते. मराठीत ऐकणे ह्या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. “हा मुलगा ऐकत नाही” म्हणजे सांगितल्याप्रमाणे वागत नाही. नवल असे की, इंग्रजीतील ‘लिसन’ शब्दही ह्याच अर्थाने चालतो. परंतु प्रगतिपत्रकावर कोणी ‘ही डझ नॉट लिसन’ ह्याऐवजी ‘ही डझ नॉट हिअर’ असे लिहिले, तर त्याचा अर्थ मुलाला ऐकू येत नाही असा होईल. पहिल्या शेऱ्यावर वडिलांनी मुलाला चार शब्द समजुतीचे सांगावेत हे योग्य. दुसऱ्या शेऱ्यावर त्याला कानांच्या डॉक्टरकडे न्यावे लागेल. एका शब्दाने मूल खोडकर ठरते, दुसऱ्याने बहिरे.

सांगणे, म्हणणे, बोलणे

‘से’, ‘टेल’, ‘स्पीक’ आणि ‘टॉक’ ह्या चार शब्दांनी जितकी वाक्ये बिघडतात, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने बिघडत असतील. येथेही मराठी उपयोगी पडते. ‘से’ म्हणजे म्हणणे. ह्यात तोंडातून निघालेल्या शब्दांना महत्त्व असते. ‘टेल’ म्हणजे सांगणे. ह्यात ऐकणारा असावा लागतो. म्हणून ‘टेल’च्या मागोमाग बहुधा तो ऐकणारा येतो: ‘ही टोल्ड मी’. ‘से’च्या पुढे माणूस आणावयाचा झाला तर मध्ये ‘टु’ घालावा लागतो: ‘ही सेड टु मी’. ‘ही सेड मी’ ही चूक वह्यांतून वारंवार आढळते. तिचे मूळ असे की, मुलाने दोन्ही शब्दांना ‘सांगणे’ हाच एक अर्थ दिलेला असतो. मराठीत “त्याने मला जायला सांगितले” ह्यात जशी आज्ञा आहे, तशीच ‘ही टोल्ड मी टु गो’ ह्यातही आहे. “त्याने मला जायला म्हटले” हे प्रमाण मराठीत कानाला जसे खटकते, तसेच तेथे ‘सेड’ खटकते.

‘स्पीक’ म्हणजे बोलणे: भाषा बोलणे, सभेत बोलणे. ‘टॉक’ म्हणजे आपापसांत बोलत बसणे. ‘शी स्पीक्स मराठी’ म्हणजे तिला मराठी बोलता येते. वर्गात शेजारच्या मुलाशी जे चालते ते ‘टॉक’.

परंतु मराठीच्या पुलावरून सर्वत्र पलीकडे जाता येते असे मात्र समजू नये. गोष्ट सांगणे ह्याला ‘टेल अ स्टोरी’, खरे सांगणे ह्याला ‘टेल द ट्रूथ’; येथवर दोन्ही भाषा बरोबरीने चालतात. मराठीत खोटे मात्र बोलतात. इंग्रजीत तेही ‘टेल’च करतात. अशा जागा नेमक्या दाखवून द्याव्यात. पूल कोठे संपतो हे ज्याला ठाऊक असते, तो पाण्यात पडत नाही.

घर आणि घरी

‘हाउस’ आणि ‘होम’ ह्या दोघांनाही मराठीत घरच म्हणतात, तेव्हा येथे मराठीचा काही उपयोग नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. किंचित खोल पाहिले तर निराळेच दिसते. “तो घरात आहे” आणि “तो घरी आहे” ही दोन वाक्ये शेजारी ठेवावीत. पहिल्या वाक्यात भिंती आणि छप्पर आहे. तो अंगणात नसून आत आहे असा त्याचा भाव. दुसऱ्या वाक्यात भिंतींचा विचारच नाही. तो स्वतःच्या माणसांत आहे, गावाला किंवा कामावर गेलेला नाही, असा त्याचा अर्थ. पहिल्याचे इंग्रजी ‘ही इज इन द हाउस’, दुसऱ्याचे ‘ही इज अ‍ॅट होम’. “मी घरी जातो” ह्यात जसा घराला, घराकडे असा प्रत्यय वेगळा जोडावा लागत नाही, तसेच ‘आय गो होम’ ह्यातही ‘टु’ लागत नाही. मराठीने जो भेद एका विभक्तिरूपात जपला, तो इंग्रजीने दोन शब्दांत जपला. ‘आय गो टु होम’ लिहिणाऱ्या मुलापुढे हे दोन दाखले ठेवले, तर नियम पाठ करण्याची गरज उरत नाही.

‘बॉरो’ आणि ‘लेंड’ ह्यांची गोष्टही अशीच आहे. मराठीत उसने हा एकच शब्द. घेणारा उसने घेतो, देणारा उसने देतो. इंग्रजीत ह्या दोन क्रियांना दोन स्वतंत्र शब्द आहेत. वस्तू स्वतःकडे येते तेव्हा ‘बॉरो’, स्वतःकडून जाते तेव्हा ‘लेंड’. शेजारच्या मुलाकडे पेन मागताना ह्यांची अदलाबदल झाली तर फारसे बिघडत नाही. परंतु हेच मूल मोठे होऊन एखाद्या दिवशी वडिलांच्या कर्जाचा इंग्रजी कागद वाचून दाखविणार आहे. त्या कागदावर ‘बॉरोअर’ म्हणजे कर्ज घेणारा आणि ‘लेंडर’ म्हणजे कर्ज देणारा. कोणत्या रकान्यातील जबाबदारी कोणाची, हे तेथे ह्या दोन शब्दांवरच अवलंबून असते.

दोन घराण्यांचे शब्द

इंग्रजीत एका अर्थाच्या आसपास इतके शब्द का जमले, ह्याचे एक मोठे कारण इतिहासात आहे. इ. स. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांताचा सरदार विल्यम ह्याने हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडचे राज्य घेतले. त्यानंतर दीर्घकाळ दरबार, न्यायालय आणि उमरावांचे वाडे येथे फ्रेंच भाषा चालली; शेतावर आणि झोपडीत इंग्रजी राहिली. धर्म आणि विद्या ह्यांची भाषा लॅटिन होती. न्यायालयातील वाद इंग्रजीतून चालावेत असा कायदा इ. स. १३६२ मध्ये झाला. गंमत अशी की, तो कायदा स्वतः फ्रेंच भाषेत लिहिलेला होता.

ह्या घडामोडींत शब्दांचे थर साचले. ‘किंगली’ हा जुना इंग्रजी शब्द, ‘रॉयल’ फ्रेंचमधून आलेला, ‘रीगल’ लॅटिनमधून आलेला; तिन्हींचा अर्थ राजाचा किंवा राजाला शोभणारा. ‘आस्क’ हा घरगुती शब्द, ‘क्वेश्चन’ फ्रेंच वळणाचा, ‘इंटरॉगेट’ लॅटिन वळणाचा. मित्राला ‘आस्क’ करतात. पोलीस संशयिताला ‘इंटरॉगेट’ करतात. सामान्यतः जुना इंग्रजी शब्द आखूड, जिव्हाळ्याचा आणि रोजच्या वापराचा असतो. फ्रेंच शब्द नागर असतो. लॅटिन शब्द लांब, कोरडा आणि शास्त्रीय असतो. ह्या नियमाला अपवाद आहेत, तरी वर्गात त्याचा चांगला उपयोग होतो.

जनावर आणि त्याचे मांस ह्यांची नावेही अशीच विभागली गेली. मेंढी ती ‘शीप’, तिचे मांस ‘मटन’; डुक्कर ते ‘पिग’, त्याचे मांस ‘पोर्क’; हरिण ते ‘डीअर’, त्याचे मांस ‘व्हेनिसन’. जनावर राखणाऱ्याची भाषा एक, ताटावर बसणाऱ्याची दुसरी. सर वॉल्टर स्कॉट ह्यांच्या इ. स. १८१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीत एक विदूषक डुकरे राखणाऱ्या गड्याला हीच मौज समजावून सांगतो. हे शब्द आजच्याइतके काटेकोर वेगळे पुढील काळात झाले, हे खरे; परंतु त्यांचे मूळ त्या राज्यक्रांतीत आहे. ‘मटन’ शब्द भारतात आला तो बहुधा बकऱ्याच्या मांसासाठी रूढ झाला. प्रवासात शब्दाचा अर्थ कसा सरकतो ह्याचे हे घरचे उदाहरण होय.

महाराष्ट्रातही असे थर साचलेले आहेत. कित्येक शतके राज्यकारभारात फारसीचा पगडा होता. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने जो राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. तरीही फारसीच्या वाटेने आलेले पुष्कळ शब्द मराठीत कायमचे राहिले आणि जुन्या शब्दांच्या शेजारी सुखाने नांदू लागले. धनदौलत ह्या शब्दात धन संस्कृत, दौलत परकीय. कागदपत्र ह्यात कागद परकीय, पत्र संस्कृत. बाजारहाट ह्यातही तीच जोडी. इंग्रज मनुष्य मृत्युपत्राला ‘विल अँड टेस्टमेंट’ म्हणतो. त्यात ‘विल’ जुना इंग्रजी आणि ‘टेस्टमेंट’ लॅटिन. दोन्ही देशांत दोन भाषांच्या लोकांना एकाच कागदावर सह्या कराव्या लागल्या, त्याची ही खूण.

फसवे शब्द

काही शब्द अंगावरील वेषाने फसवितात. ‘इन’ हा उपसर्ग लागला की अर्थ उलटा होतो, असे मुले शिकतात. ‘करेक्ट’ म्हणजे बरोबर, ‘इनकरेक्ट’ म्हणजे चूक. ह्याच न्यायाने ‘फ्लेमेबल’ म्हणजे पेट घेणारे आणि ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे पेट न घेणारे, असे कोणालाही वाटेल. वस्तुतः दोहोंचा अर्थ एकच: सहज पेट घेणारे. ‘इनफ्लेमेबल’मधील ‘इन’ नकाराचा नसून पेटविणे ह्या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाचा भाग आहे. ह्या घोटाळ्याने जीव जाऊ शकतो, म्हणून अमेरिकेतील अग्निसुरक्षेचे काम पाहणाऱ्या संस्थेने १९२० नंतरच्या दशकात ‘फ्लेमेबल’ हाच शब्द वापरावा असा आग्रह धरला. आपल्याकडील रस्त्यांवरून इंधनाचे जे टँकर धावतात, त्यांच्या पाठीवर ‘हायली इनफ्लेमेबल’ अशी अक्षरे पुष्कळदा दिसतात. शाळेतून घरी जाणारे मूल ती अक्षरे वाचते. ती त्याने उलट अर्थाने वाचू नयेत, एवढे तरी शाळेने पाहिले पाहिजे.

‘इनव्हॅल्युएबल’ हा असाच दुसरा शब्द. त्याचा अर्थ कवडीमोल नव्हे, तर ज्याचे मोल करता येत नाही असा. येथे पुन्हा मराठी धावून येते. अमूल्य ह्या शब्दातील ‘अ’ नकाराचाच आहे, परंतु अमूल्य म्हणजे बिनकिमतीचे असे कोणी म्हणत नाही. अमोल नावाचा विद्यार्थी वर्गात असला, तर दाखला शोधावयास लांब जावे लागणार नाही.

कोशकारांचा मार्ग

शब्दांचे हे बारीक भेद नोंदण्याची परंपरा जुनी आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन ह्यांचा इंग्रजी कोश इ. स. १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला. हेस्टर पिओझी ह्या विदुषीने इ. स. १७९४ मध्ये आणि जॉर्ज क्रॅब ह्यांनी इ. स. १८१६ मध्ये केवळ समानार्थी शब्दांतील फरक सांगणारे ग्रंथ लिहिले. पीटर मार्क रॉजे ह्या डॉक्टरांचा ‘थिसॉरस’ इ. स. १८५२ मध्ये आला. त्यात विषयवार शब्द एकत्र आणले आहेत, मात्र त्यांतील भेद समजावून सांगितलेले नाहीत. जुन्या पाठशाळांतून अमरकोश मुखोद्गत करीत असत. त्याची मांडणीही काहीशी अशीच, पर्यायांचे गट बांधणारी. मोल्सवर्थ ह्यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने रचलेल्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती इ. स. १८३१ मध्ये आणि दुसरी इ. स. १८५७ मध्ये निघाली. एका मराठी शब्दापुढे त्यात किती निरनिराळे इंग्रजी अर्थ दिले आहेत, हे पाहिले तर “एका शब्दाला एक अर्थ” ही समजूत तत्काळ दूर होते.

वर्गात काय करावे

ह्या सर्व विवेचनाचा उपयोग वर्गात व्हावा, म्हणून पुढील गोष्टी कराव्यात.

१. सुटा शब्द आणि त्यापुढे सुटा अर्थ अशी यादी देण्याचे टाळावे. शब्द नेहमी लहानशा वाक्यात द्यावा.

२. एकाच दिवशी जवळचे सर्व शब्द शिकवू नयेत. एक शब्द चांगला रुळला म्हणजे दुसरा त्याच्या शेजारी आणून बसवावा.

३. भेद कृतीने दाखवावा. डोळे मिटून खिडकीबाहेरचा आवाज ऐकला तो ‘हिअर’. मग कान देऊन तो कशाचा हे ओळखले ते ‘लिसन’. पेन देता-घेता ‘लेंड’ आणि ‘बॉरो’ शिकवावेत.

४. प्रत्येक जोडीसाठी मराठीत तसाच भेद आहे काय, हे मुलांनाच शोधावयास सांगावे. सापडला तर उत्तम. न सापडला तर भेद कोठे आहे हे तरी त्यांना कळेल.

५. मुलाने अनपेक्षित शब्द वापरला तर तांबड्या शाईची रेघ ओढण्यापूर्वी त्याला विचारावे, “तुला काय म्हणावयाचे होते?” कित्येकदा त्याचा शब्द योग्य असतो आणि फळ्यावरील अर्थ अपुरा असतो.

अखेरीस आणखी एक जोडी सांगून हे विवेचन पुरे करावयाचे आहे. ‘मिस्टेक’ आणि ‘फॉल्ट’. ‘मिस्टेक’ म्हणजे चूक, ‘फॉल्ट’ म्हणजे दोष. चूक हातून होते आणि दुरुस्त करता येते; दोष म्हटले की कोणाच्या तरी माथी ठपका येतो. ‘सी’ लिहावयाचे तेथे मुलाने ‘लुक’ लिहिले, तर ती त्याची ‘मिस्टेक’ झाली. परंतु तिन्ही शब्दांपुढे ‘पाहणे’ एवढेच लिहून ठेवले असेल, तर ‘फॉल्ट’ कोणाचा, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी पाहावे. हात वर करून “शब्द तीन कशाला?” असे विचारणारे मूल प्रत्येक शाळेत असते. त्याचा हात खाली जाण्यापूर्वी त्याला उत्तर मिळावे.